काचेखालची विहीर

महिन्यातल्या एका रविवारी सकाळी मी मेट्रोच्या जिन्याखाली लाल छत्री उंच धरून उभी असते. ऊन असो नसो, पाऊस असो नसो, छत्री हवीच. नाहीतर वॉकला आलेली माणसं भलत्याच घोळक्यामागे चालायला लागतात. आमची एक छोटी संस्था आहे, उपनगरातल्या जुन्या गावठाणांमधून लोकांना पायी फिरवणारी. येतात कोण, तर पवईचे, वांद्र्याचे, कधी मुलुंडहून एखादं हौशी जोडपं. पायात महागडे बूट, खांद्याला कॅमेरा. गल्लीत शिरल्यावर जुनी कौलारू घरं, बाहेरून चढणारे लाकडी जिने, ओट्यावर वाळत घातलेले बोंबील बघतात आणि कोणीतरी हमखास म्हणतं, "हे अंधेरीत आहे?" मी हसते. मनात म्हणते, अरे बाबांनो, हे अंधेरीत नाही आलेलं, अंधेरी ह्यांच्या अंगावर आलीय!

मी काही ह्या गावची नाही. आम्ही मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बसली तसं लालबाग सोडून इकडे आलो. पुढे मी शाळेत इतिहास शिकवला आणि गुडघे धड होते तोवर नोकरी सोडून हे चालणं सुरू केलं. नवरा म्हणतो, "शाळेत निदान पोरं गप्प तरी बसायची." खरं आहे त्याचं.

गावठाणात बहुतेक वस्ती ईस्ट इंडियन लोकांची. पोर्तुगीजांच्या काळापासून ख्रिस्ती, पण घरात बोलणं मराठी, तेही असं की ऐकत राहावं. वॉकमध्ये मी आधी चर्च दाखवते, मग प्लेगच्या साथीत रोगराई गावाबाहेर राहावी म्हणून वेशीवर उभारलेला दगडी क्रूस. तो क्रूस आता एका मोबाइलच्या दुकानाला टेकून उभा आहे. वेस कुठे होती हे मला हात करून दाखवावं लागतं, कारण तिथून सहा पदरी रस्ता जातो. आणि शेवटी विहीर.

विहीर आता टॉवरमध्ये आहे. म्हणजे जमीन बिल्डरने घेतली, भाऊबंदकीत ज्याला जमेल तशी त्याने सही केली, टॉवर उभा राहिला आणि लॉबीबाहेरच्या बागेत विहीर 'जतन' केली गेली. काळ्या दगडाचा जुना काठ तसाच ठेवलाय. त्यावर जाड काच. काचेखाली पाणी, पाण्यात निळे दिवे. शेजारी पितळी पाटी, गावाचा वारसा वगैरे. आमच्या संस्थेला महिन्यातून एकदा आत सोडतात, कारण आमचे लोक फोटो काढतात आणि ते सगळीकडे फिरतात. टॉवरचं नाव होतं. गावातल्या माणसांना मात्र गेटवरच अडवतात. "ह्यांना एकदा सोडलं की रोज येतील," असं सोसायटीच्या एका कमिटी मेंबरने मला हसत हसत सांगितलं होतं. माझ्या ओठांवर आलेलं मी गिळलं, कारण पुढच्या महिन्याची परवानगी ह्याच माणसाकडून घ्यायची होती.

ह्याच विहिरीपायी मावशी माझ्यामागे लागली.

मावशी म्हणजे क्रुसाच्या मागच्या गल्लीतली विधवा बाई, साठी ओलांडलेली. वॉक तिच्या दारावरून जातो. सुरुवातीला ती ओट्यावर बसून आमची खिल्ली उडवायची. "आली गं बाय, माकडांची वरात घेऊन!" लोकांना वाटायचं ती स्वागत करतेय, ते हात हलवायचे. मग आमची ओळख वाढली. वॉक संपला की मी तिच्याकडे चहाला थांबायला लागले. तिच्या हातचं वजरीचं, म्हणजे आतड्यांचं, कालवण मी खाल्लंय. हे आमच्या घरी कळलं तर वाट लागेल माझी.

गेल्या वर्षी तिच्या धाकट्याचं लग्न ठरलं. तो एअरपोर्टवर कार्गोत कामाला आहे, सरळ पोरगा, मुलगी वसईची. मी पेढे घेऊन गेले तर मावशीने पेढा हातात धरूनच ठेवला.

"बाय, माजं एक काम कर. मला तुज्या वॉकमदी घे."

मला आधी हसूच आलं. "मावशी, तू काय बघणार वॉकमध्ये? तुझंच घर?"

"मला हिरीवर जायाचंय."

मग तिने सांगितलं. त्यांच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी घरचे लोक बँड लावून विहिरीवर जातात, पाणी काढतात, वाजतगाजत घरी आणतात आणि लग्नाच्या सकाळी त्या पाण्याने नवऱ्या मुलाला आंघोळ घालतात. उंबराचं पाणी म्हणतात त्याला. हे मला माहीत होतं, वॉकमध्ये मीच ते सांगते. आता बहुतेक घरांत मांडवातच नळाच्या पाण्याने भरलेला ड्रम ठेवतात, त्याला हार घालतात आणि त्यातूनच कळशी बुडवतात. लोक हसत हसत करतात, कोणाला काही वाटत नाही.

"मोठ्याच्या वक्ताला आमी तसंच केलं," मावशी म्हणाली.

तिचा मोठा मुलगा मी पाहिलेला नव्हता, फक्त भिंतीवरचा फोटो पाहिला होता, सूटमधला, शेजारी बायको. त्याचं लग्न झालं तेव्हा टॉवरचं काम चालू होतं आणि विहिरीभोवती पत्रे ठोकलेले होते. म्हणून ड्रम. लग्नाला वर्ष व्हायच्या आत तो हायवेवर बाईकच्या अपघातात गेला. सून माहेरी परत गेली. हे सगळं मला तुकड्यातुकड्यांत आधी कळलं होतं, पण ड्रमचं तिने कधी काढलं नव्हतं.

"लोक म्हनतात ट्रकवाला पिऊन होता. आसंल. पन मी त्याला हिरीचं पानी दिलं नाय, ते मी केलं ना?"

मी इतिहास शिकवलेली बाई, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. पण तिच्यासमोर बसून "मावशी, तसं काही नसतं गं" म्हणायला जीभ उचलेना. मी म्हटलं, बघते. हे 'बघते' म्हणणं माझ्या अंगवळणी पडलंय. हातात काही नसलं की मी बघते म्हणते.

आधी सरळ मार्गाने गेले. सोसायटीत विचारलं, ते म्हणाले बाग अजून बिल्डरच्या ताब्यात आहे. बिल्डरच्या ऑफिसात गेले, तिथल्या गोड मुलीने पाणी दिलं, मग सांगितलं की हस्तांतरण झालंय, सोसायटीत विचारा. चर्चच्या फादरांनी फोन केला. ओळखीच्या एका पुढाऱ्याने "करून टाकू ताई, झकास करून टाकू" म्हटलं आणि नंतर फोन उचलणं सोडलं. नुसता चेंडू झाला माझा. शेवटी मावशीने जे पहिल्या दिवशी मागितलं होतं तेवढंच उरलं. वॉक.

पण वॉक रविवारी, आणि लग्नही रविवारचंच ठरलेलं. मावशीने लग्न सोमवारवर ढकललं. व्याह्यांनी नाकं मुरडली, नातेवाईक म्हणाले सोमवारी रजा कोण देणार, पोरगा चिडला. हिने सगळ्यांना सांगितलं, हॉल मिळत नाही. खरं कारण मला, तिला आणि तिच्या धाकट्या दिराला ठाऊक. मला तर झोपच लागेना. ज्या गेटवर माझी स्वतःची दर महिन्याला धाकधूक असते, त्याच्या भरवशावर ह्या बाईने लग्न हलवलं!

तो रविवार आला. मी छत्री धरून उभी, आणि मावशी आली ती लाल चौकटीचं लुगडं नेसून, अंबाडा घालून, त्यावर अबोली, गळ्यात पोवळ्यांची माळ. हातात कापडी पिशवी, आत तांब्याची कळशी. बाकीच्यांना लावला तसा मी तिच्या खांद्याला गोल स्टिकर लावला. 'गेस्ट' लिहिलेलं असतं त्यावर. आमच्यातली एक पोरगी लगबगीने पुढे आली, "आंटी, किती क्यूट! तुम्ही थीमप्रमाणे ड्रेस करून आलात?" मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "चला, उशीर होतोय."

त्या दिवशी मी काय सांगितलं देव जाणे. चर्चपाशी दोन वाक्यं बोलले, क्रुसापाशी एक. मावशीच्या गल्लीतून जाताना तिच्या घरासमोर मांडव घातलेला, लोक तिच्याच घराचे फोटो काढतायत आणि ती त्यांच्यात उभी. टॉवरच्या गेटबाहेर दीर बँडवाल्यांना घेऊन येऊन थांबला होता, पन्नासएक बायामाणसं, नवरा मुलगाही. वॉचमनने त्यांना रस्त्यापलीकडे उभं केलं. आम्हाला आत घेतलं. स्टिकर बघून मावशीलाही घेतलं.

बागेत मॅनेजर वाट बघत होता. नवीन माणूस, तरुण, बोलण्यावरून आमच्याच बाजूचा. मी त्याला बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं. काचेला एका कडेला छोटं झाकण होतं, सफाईसाठी, त्याला कुलूप. ते उघड म्हटलं, कळशीभर पाणी घेते बाई, दोन मिनिटांत निघतो.

"नाय हो ताई, नाय जमणार. सेफ्टीचा प्रॉब्लेम आहे."

मी सरळ मालवणीवर आले. "अरे मेल्या, एक कळशी पाणी मागता ती! तुझा काय जाता?"

त्याचा चेहरा पडला. "माझ्या हातात काय नाय वो," तो म्हणाला. मग इकडे तिकडे बघून हळूच, "ताई, खरंच नको. तुम्ही त्यांका घेऊन जावा. मी बिसलरीचो मोठो कॅन देतंय."

मला वाटलं घाबरतोय नोकरीला. मी हट्टाला पेटले. तेवढ्यात मावशी आमच्यापाशी आली. तिने त्याचे दोन्ही हात धरले. काही मागितलं नाही, पोराचं नाही, लग्नाचं नाही, नुसते हात धरून उभी राहिली. त्या पोराच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने खिशातून किल्ली काढली. कुलूप काढताना मला म्हणाला, "मागसून माका बोल लावू नकात."

मावशी काठापाशी गुडघ्यांवर बसली. क्रुसाची खूण केली, ओठांत काहीतरी पुटपुटली. पिशवीतून कळशी काढली आणि कळशीखालून दोर काढला. नवा कोरा, जाड, वेटोळ्यांवर वेटोळी. लग्न होऊन आल्यापासून ह्या विहिरीचं पाणी तिने ओढलेलं, दोर किती लागतो हे तिच्या हातांना पाठ. तेवढा ती बाजारातून घेऊन आली होती. गळ्याला गाठ मारली, ओढून बघितली आणि कळशी झाकणातून आत सोडली.

टण्ण.

एवढंच वाजलं. कळशी तळाला लागली होती. हातभरसुद्धा दोर गेला नव्हता.

मी वाकून पाहिलं. झाकण उघडं असल्याने काचेवरची चमक नव्हती, सगळं स्वच्छ दिसत होतं. खाली निळ्या फरश्या. न्हाणीघरात असतात तशा. फरशांमध्ये जाळी, कोपऱ्यात पंपाची नळी. पाण्याला क्लोरीनचा वास. आपण काचेवरून इतकी वर्षं जिला खोल विहीर समजत होतो, ते गुडघाभर टाकं होतं, त्यात वीतभर पाणी. खाली पार्किंगचे दोन मजले आहेत, ते मला माहीत होतं. तळघरात पार्किंग आणि त्याच जागी विहीर, हे दोन्ही एकाच वेळी कसं असेल, एवढा साधा प्रश्न मला कधी पडला नव्हता. विहीर केव्हाच बुजवलेली. वरचा दगडी काठ तेवढा खरा.

मी मॅनेजरकडे पाहिलं. तो स्वतःच्या बुटांकडे बघत होता. "टँकरचा पाणी," तो पुटपुटला. "मी इलंय तेव्हापासून असाच."

मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगते. मला कोणाला तरी मारावंसं वाटलं, आणि मारायला समोर कोणीच नव्हतं. बिल्डर नव्हता, सोसायटी नव्हती. होता हा बिचारा पगारी पोरगा आणि माझे हे कॅमेरेवाले. ज्यांनी कळशी वाजल्यावर कॅमेरे पुढे केले होते.

मावशी हलली नाही. दोराची वेटोळी तिच्या मांडीवर तशीच होती. मग तिने कळशी आडवी केली, पाणी आत शिरू दिलं, भरली, वर घेतली. आणि आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. मनापासून वाजवल्या हो. त्यांना वाटलं, कार्यक्रमातलाच भाग आहे. एक गृहस्थ म्हणाले, "ऑथेंटिक!" मी "प्लीज, प्लीज थांबा" म्हणत राहिले, कोणी ऐकलं नाही.

"मावशी, टाकून दे," मी तिच्या कानाशी म्हटलं. "आपण दुसरीकडे जाऊ. आत्ता रिक्षा करू. महाकाली लेण्यांच्या बाजूला कुठेतरी असेल विहीर, आरे कॉलनीत असेल..."

"ती दुसऱ्याची." ती उठली, माझ्या खांद्याला धरून. "ही आमची व्हती, बाय."

"मग आता?"

तिने गेटकडे पाहिलं. रस्त्यापलीकडे तिची माणसं उभी होती, टाचा उंचावून आत बघत. तिने पिशवीची चुंबळ करून डोक्यावर ठेवली, वर कळशी. "तू कुनाला काय बोलू नको," म्हणाली आणि चालायला लागली.

गेटमधून ती बाहेर पडली मात्र, बँड सुरू झाला. बायकांनी गाणं उचललं. दीर नाचायला लागला, ट्रॅफिक थांबलं, रिक्षावाले हॉर्न वाजवायला लागले. नवरा मुलगा धावत रस्ता ओलांडून आला. लग्न ढकलण्याचं खरं कारण काकाने त्याला गेटवर उभं असताना सांगितलं असावं, कारण त्याचा राग कुठच्या कुठे गेला होता.

"मिलालं, आई?"

"मिलालं रं." ती हसली. असं हसू मी तिचं आधीही पाहिलं होतं, त्यात काही वेगळं नव्हतं. त्याच्या गालावरून हात फिरवला आणि पुढे गेली. पोरगा माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही नसता ना, तर..." मी त्याचा हात धरला आणि सोडला.

मी वॉकवाल्यांना मेट्रोपाशी सोडलं, घरी येऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "आता काय करायचं असतं अशा वेळी?"

सोमवारी सकाळी मला आंघोळीला बोलावणं होतंच. मांडवात पोरगा स्टुलावर बसलेला, उघडा, हाफ पँटवर. मामा त्याच्या डोक्यावर नारळाचा रस चोळत होता, बाया गात होत्या, चेष्टा चालली होती. मध्यभागी पाटावर हार घातलेली कळशी. मावशी दिसेना. मी आत गेले तर ती स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होती, भिंतीवरच्या फोटोकडे पाठ करून. बाहेरून तिला हाका येत होत्या. आईने पहिलं पाणी घालायचं असतं.

"माजा हात उचलत नाय," ती म्हणाली. "तू घाल."

"मी कशी घालू मावशी? मी कोण?"

"मी सांगते भाईर, माजं गुडघं धरल्यात. तू घाल." तिने माझ्या हातात तांब्या दिला. तिचे डोळे कोरडे होते. "आनि बाय, तुला काय ठावं नाय, तशी घाल."

मी बाहेर आले. सगळ्यांनी जागा करून दिली. कोणी म्हणालं, "हां, हिच्यामुळंच पानी मिलालं, हिचाच मान!" मी कळशीत तांब्या बुडवला. पोराने डोळे मिटून मान खाली घातली. मी पाणी त्याच्या टाळूवर सोडलं.

"आई गं!" तो किंचाळला. "केवढं गार हाय!"

सगळा मांडव हसला. "हिरीचं हाय ते," त्याचा काका म्हणाला, "गार असनारच."

मी दुसरा तांब्या भरला.